सी सेक्टरची दुसरी रेकॉर्ड

५ सप्टेंबर, सोमवार

सकाळी डाळ करपली. शिट्टी होईल म्हणून वर्तमानपत्र धरून बसलो होतो. ती झालीच नाही, शेवटी वासानं उठलो. कुकर काळा ठिक्कर. शिट्टीत काहीतरी अडकलं असणार. फुंकून पाहिली, उजेडात धरून पाहिली, मला तर साफ दिसली. कमलिनी असती तर म्हणाली असती, छत्तीस वर्षं कारखान्यात जनित्रांचे रोटर तपासले आणि घरातला कुकर कळेना.

रवीनं करपलेलीच खाल्ली. हल्ली बोलतच नाही, आणि बोलला तर तोंडातल्या तोंडात. आजकाल सगळेच तसं बोलतात, बँकेतली मुलगीसुद्धा.

वहीत लिहितो, कारण कमलिनी गेल्यापासून बोलायला कुणी नाही. रवींद्र माझा एकुलता एक, चाळिशीला आला. पुण्याला संगणकाच्या कंपनीत होता. जुलैत एका सकाळी झोपून उठला तो डावा कान बंद. दुखणं नाही, ताप नाही, दिवा मालवावा तसा. इंजेक्शनं झाली, गोळ्या झाल्या, कान उघडला नाही. उजव्यानं ऐकू येतं, पण त्यात अधूनमधून नसलेले आवाज येतात म्हणतो. डॉक्टर म्हणाले, क्वचित दुसराही जातो, लक्ष ठेवा. लक्ष ठेवायचं म्हणजे काय करायचं, ते सांगितलं नाही. ऑगस्टमध्ये नोकरी सोडून इथे इंद्रपुरीला माझ्याकडे आला.

दुसऱ्या कुणाचा कान जाता तर इतकं नव्हतं. हा संगीत करतो. नोकरी पोटासाठी, हे जिवासाठी. गाणं-बिणं नाही त्यात. यंत्रावर केलेले ठोके. एका प्रकाराला टेक्नो म्हणतात, दुसऱ्याला डीप हाउस. परदेशात लोक त्यावर नाचतात. त्यांच्यातसुद्धा हा पडद्याआडचा माणूस, कुठे नाव नाही, फोटो नाही. ‘सी सेक्टर’ एवढंच लावतो. आमच्या घराच्या पत्त्यातला सी सेक्टर! जर्मनीत यान नावाचा एक गृहस्थ एकट्यानं छोटी कंपनी चालवतो, तो रवीचं काम काळ्या तबकड्यांवर छापतो, पूर्वी आपल्याकडे असत तशा. तीनशे प्रती, बस. आता दोन नव्या निघायच्या आहेत.

“दोन्ही कान असतानाचं शेवटचं काम आहे, बाबा,” असं परवा जेवताना म्हणाला. मी त्याला आणखी भात वाढला.

८ सप्टेंबर, गुरुवार

दाराला चिठ्ठी लावलेली सापडली: पार्सल आणले होते, घरी कुणी नव्हते. अरे, घरी कुणी नव्हते कसे? मी पुढच्या खोलीत, रवी आतल्या खोलीत पडलेला.

समोरच्या मनोरमा वहिनी फाटकाशी आल्या. त्या उज्जैनच्या, जन्म सगळा इथे गेलेला, रागावल्या की निम्मं हिंदी येतं. “भाऊजी, दोनदा घंटी वाजवली त्यानं. मी माझ्या किचनमधून ऐकली! तुम्ही दोघं काय करून राहिले होते?”

“घंटी बिघडली असेल.”

त्यांनी बटण दाबलं. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा दाबलं, जरा जास्त वेळ. “अच्छी-भली तो बज रही है,” म्हणाल्या आणि घरी गेल्या. तेवढ्यात रस्त्यानं शाळेची बस गेली, तिच्यात आवाज दबला असणार.

संध्याकाळी केशवकडे बसलो. केशव म्हणजे वहिनींचे यजमान, कारखान्यात माझ्याच शेडमध्ये होता. दिवाळीपासून कानात ऐकायचं मशीन घालतो. मी नेहमीसारखं विचारलं, “काय केशव, स्टेशन लागलं का?”

“लागलं. तूही एक बसवून घे.”

“मला कशाला? मी बेअरिंग ऐकून सांगायचो.”

“नरहर, आपण एकाच शेडमध्ये होतो,” तो म्हणाला.

मी हसलो. होतो एकाच शेडमध्ये, पण तो क्रेनवर आणि मी रोटरच्या बॅलन्सिंगवर. पोलादी गज बेअरिंगला टेकवायचा, दुसरं टोक कानामागच्या हाडावर धरायचं आणि डोळे मिटायचे. आत छर्रा फुटलाय की तेल सुकलंय, ते मी सांगायचो, आणि खोलून पाहिलं की तेच निघायचं. एकोणिसाव्या वर्षी अमरावतीहून हेल्पर म्हणून आलो, ड्रॉइंग वाचायला कुणी शिकवलं नाही, आपलं आपण शिकलो. निरीक्षक झालो ते या कानाच्या जोरावर.

१० सप्टेंबर, शनिवार

कुरिअरच्या ऑफिसात गेलो. “अंकल, घर पे कोई था ही नहीं,” पोरगा म्हणाला. वाद घातला नाही. पार्सल छातीशी धरून रिक्षात बसलो.

आत दोन्ही रेकॉर्डच्या नमुना प्रती. पांढरं लेबल, त्यावर पेनानं आकडे. रवीनं समजावलं: आधी असे चार-दोन नमुने काढतात. ऐकायचं, दोष नसेल तर कळवायचं, मग बाकीच्या छापतात. अगदी आमच्यासारखंच. आम्हीही पहिला नग तपासल्याशिवाय पुढचा लावू देत नसू.

शनिवारी सतराला यानला उत्तर जायला हवं. सोमवारी एकोणीसला छपाई. ती वेळ हुकली तर पुढची पाळी एकदम उन्हाळ्यात.

“मग उन्हाळ्यात,” मी म्हणालो.

“उन्हाळ्यापर्यंत हा कान राहील का, बाबा?”

मी नमुने पुन्हा पाकिटात सरकवले.

मग त्यानंच विचारलं. स्वतःच्या कानावर त्याचा भरवसा राहिलेला नाही. उजव्यात जे येतं ते बाहेरचं की आतलं, हे त्याला ठरवता येत नाही. यानला कान गेल्याचं सांगितलेलं नाही. “तुम्ही ऐका माझ्यासाठी. तुम्ही पास म्हणालात की पास.”

“संगणकात घालून बघता येत नाही का?”

“तुमच्या कानापुढे संगणक काय! लहानपणी तुम्ही मला गेट नंबर तीनवरून सांगायचात, आत कुठला लेथ चालू आहे ते.”

सांगत होतो खरा. छाती भरून आली. कान त्याचा गेलाय आणि भरून माझी छाती आली, याची लाजही वाटली.

१२ सप्टेंबर, सोमवार

पहिली रेकॉर्ड ऐकली. ही टेक्नोची. रवी म्हणतो ही कारखान्याची, दुसरी आपल्या स्वयंपाकघराची. दोन स्पीकर, मधे मी, हातात वही, जुन्या पद्धतीनं रकाने आखलेले: बाजू, वेळ, दोष, शेरा.

संगीत म्हणून मला कळलं असं लिहिलं तर खोटं होईल. पण डोळे मिटले आणि दहाव्या मिनिटाला मी शेडमध्ये उभा होतो. खालून येणारी ती घरघर, जमिनीतून पायात, पायातून मणक्यात. एके ठिकाणी मोठा रोटर वेग घेतो तसं होतं. त्या वेळी आम्ही सगळे श्वास धरायचो. पोरानं हे कुठून उचललं? डबा घेऊन शेडच्या दारापर्यंत यायचा तेवढंच.

मधे मधे मोकळ्या जागा फार आहेत. ठोका, मग काही नाही, मग ठोका. रवीला म्हटलं, “हे मोकळं ठेवलंस ते छान.” त्यानं जरा विचित्र पाहिलं. “मोकळं कुठे?” म्हणाला, मग “असेल” म्हणाला.

दोन्ही बाजू निर्दोष. रकान्यात ‘पास’ लिहिलं, सही केली. किती वर्षांनी केली ती सही.

१४ सप्टेंबर, बुधवार

आज दुसरी. घड्याळ लावून मोजलं, मिनिटाला एकशे बावीस ठोके. पाण्यावरची मोठी जनित्रं साधारण याच गतीनं फिरतात, म्हणून मला जवळची वाटली. मऊ आहे. कुणीतरी पाठीवर थोपटत बसावं तसं.

दुसऱ्या बाजूवर शेवटच्या चिजेचं नाव नुसतं ‘क’. बाकीची नावं ऐटबाज आणि याला एक अक्षर. नाव सुचलं नसेल.

रवी माझ्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसला होता, उजवा कान स्पीकरकडे करून. ‘क’ लागल्यावर माझ्या तोंडाकडेच पाहत राहिला. मी ऐकत राहिलो. ठोका, ठोका, खाली एक लांब गुंजारव. छान होतं. संपलं.

“काही दोष?”

“नाही.”

“नीट आठवा. ‘क’मध्ये, मधल्या भागापासून पुढे… खरखर? कापड फाडल्यासारखं?”

“अजिबात नाही. स्वच्छ आहे.”

“पुन्हा ऐका.”

पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकलं. स्पीकरच्या लाकडाला गज टेकवून हाडानंही ऐकलं. तेल घातलेल्या बेअरिंगसारखं.

“खरखर नाही, रवी. शपथेवर सांगतो.”

त्यानं सुई उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाला, “आणि बाकी? दोष सोडून? आणखी काही ऐकू आलं त्यात?”

“आणखी काय?”

“काही नाही.”

उठून आत गेला. मी रकान्यात ‘पास’ लिहिलं.

आता लिहिताना ध्यानात येतंय. खरखर त्याला ऐकू येते. रेकॉर्डमध्ये नाही. म्हणजे ती त्याच्या उजव्या कानात आहे.

१५ सप्टेंबर, गुरुवार

जेवला नाही. दार बंद.

मी बाहेरून म्हटलं, “डॉक्टरकडे जाऊ, लगेच जाऊ.” आतून म्हणाला, “डाव्याच्या वेळी लगेचच गेलो होतो, बाबा. काय झालं?”

मी खोटं का नाही बोललो? ‘हो, आहे थोडी खरखर’ म्हणालो असतो तर चार दिवस तरी शांत झोपला असता. पण ज्या मालात दोष नाही त्याला दोष लावायचा, हे छत्तीस वर्षांत केलं नाही. ही अकड कुणाच्या कामाची, देव जाणे.

१७ सप्टेंबर, शनिवार

यानला उत्तर त्यानंच पाठवलं. दोन ओळी: दोन्ही पास, छापा. मला दाखवलं. “तुमचा शेरा कळवला,” एवढंच म्हणाला, एखाद्या साहेबाशी बोलावं तसा.

मग म्हणाला, “बाबा, ‘क’ मी तुमच्यासाठी केलं होतं.”

मी म्हणालो, “आवडलं रे. सगळ्यात तेच आवडलं.”

“काय आवडलं?”

“ते… थोपटल्यासारखं.”

मान हलवली आणि आत गेला. कुठेतरी माझं चुकलं. काय चुकलं ते कळत नाही. चुकलं एवढं दिसतं.

१८ सप्टेंबर, रविवार

आज फार वाईट दिवस.

त्यानं सगळ्या जुन्या रेकॉर्ड खोक्यात भरल्या, वर पट्टी चिकटवली. रेकॉर्ड वाजवायचं यंत्र कुणाला हवं असेल तर द्या म्हणाला. दुपारभर गच्चीवर होता. मी वर गेलो तर कठड्याशी उभा, पाठमोरा, कारखान्याच्या बाजूला तोंड करून. हाक मारली, वळला नाही. डावीकडून मारली होती. उजवीकडे जाऊन मारली, तरी वळला नाही. मग खांद्यावर हात ठेवला तेव्हा दचकला.

“मी सराव करतोय, बाबा.”

“कसला?”

“ऐकू न येण्याचा. कानात बोळे घातलेत. बघतो, जमतं का.”

“चल खाली.”

“नाही जमत,” तो म्हणाला. रडत नव्हता, त्याचीच मला भीती वाटली.

खाली आणलं. चहा केला, प्याला नाही. मग मी गच्चीच्या दाराला कुलूप लावलं आणि किल्ली बंडीच्या खिशात ठेवली. बापानं चाळिशीच्या मुलासाठी लावायचं हे कुलूप नव्हे. लिहायला हात होत नाही, पण लिहून ठेवलं नाही तर मनात घोळत राहील.

कमलिनी, उद्या तुझी नवमी. तू काहीतरी कर. मला सुचेनासं झालंय.

१९ सप्टेंबर, सोमवार. अविधवा नवमी

बारीकसारीक सगळं लिहितो.

आमच्यात नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावानं पितृपक्षातल्या नवमीला सवाष्ण जेवू घालतात. तिला हिरव्या बांगड्या, ओटी. दर वर्षी मनोरमा वहिनीच येतात. स्वयंपाकही निम्मा त्याच करतात, सवाष्ण असून. “कमूच्या घरी मला कसला मान,” म्हणतात.

बाराला पान वाढलं. रवी खोलीतून येईना. वहिनींनी हाक मारली, मी मारली. मग मला काय वाटलं कोण जाणे, मी ते यंत्र पुढच्या खोलीत आणून जोडलं आणि दुसरी रेकॉर्ड लावली, दुसरी बाजू, मोठ्यानं. त्याचं त्याला वाजताना ऐकू आलं तर रागानं का होईना बाहेर येईल.

वहिनी पानावर बसल्या. वरण-भातावर तूप घातलं. “हे काय लावलंत, भाऊजी? धम धम! नवमी आहे की बारात?” हसल्या, जेवू लागल्या. ‘क’ सुरू झालं. मी खीर वाढत होतो.

त्यांचा हात पानावरच थांबला.

“हे कुठून आणलंत?”

“काय?”

“ह्या कमूच्या बांगड्या आहेत.”

मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. मीच मघाशी दिलेल्या नव्या बांगड्या होत्या.

“माझ्या नाही हो! त्या! त्या वाजतायत त्या!” स्पीकरकडे बोट. “पोळ्या लाटतेय ती. चार काचेच्या आणि तिची ती सोन्याची एक, ती मधे खणकते बघा. तीस वर्षं भिंतीपलीकडून ऐकल्या मी, जुन्या क्वार्टरमध्ये. मला नका सांगू.” डोळ्यांतून पाणी पानात पडत होतं. “आता… आता तवा… अहो, आणि हे मधेच काय फाडतंय? चर्र चर्र! जुनं धोतर फाडल्यासारखं! बंद करा ते, तिचा आवाज झाकतंय!”

खिरीचा वाडगा माझ्या हातात. मी ऐकत होतो. ठोका, ठोका, खाली गुंजारव. बाकी काही नाही. बांगड्या नाहीत. फाडणं नाही. वहिनी रडत होत्या ते मला दिसत होतं.

“आता वाजतायत?”

“आता, या मिनिटाला, भाऊजी!”

काहीच नाही.

कुकर. घंटी. बँकेतली मुलगी. केशव म्हणाला होता, एकाच शेडमध्ये होतो. सगळं एकदम येऊन अंगावर पडलं. कपाटावर गज होता, त्याच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

मग मी वाडगा खाली ठेवला आणि जे आधीच करायला हवं होतं ते केलं. निवृत्तीच्या वेळी मित्रांनी दिलेलं दहापट भिंग काढलं, रेकॉर्ड खिडकीशी नेली, बाजूनं टॉर्च मारला. निरीक्षकानं आधी डोळ्यांनी पाहायचं असतं. हे मीच पोरांना शिकवायचो, आणि कानाच्या घमेंडीत मीच विसरलो. खाचेच्या भिंतीवर बारीक पांढरट खड्डे, एकामागे एक, ‘क’च्या मधल्या भागापासून शेवटपर्यंत. ओतकामात साचा पुरता भरला नाही की असेच पडतात. नमुन्याची दुसरी प्रत पाहिली. त्याच जागी तेच.

आणि खड्ड्यांच्या आजूबाजूला खाचेत बारीक दाते होते, केसाहून बारीक, ठराविक अंतरानं जुडगे. एक जुडगा, मोकळी जागा, एक जुडगा. मी बघत राहिलो.

रवीचं दार ठोठावलं नाही, सरळ आत गेलो. कॉटवर बसला होता.

“खरखर रेकॉर्डमध्ये आहे.”

“तुम्हीच नाही म्हणालात.”

“मी म्हणालो. मला ऐकू येत नाही.”

“काय ऐकू येत नाही?”

“वरच्या पट्टीतलं, बारीक असं काहीच नाही. बांगड्या वहिनींनी ऐकल्या, मी नाही. खरखर वहिनींनी ऐकली, मी नाही. तू ऐकलीस. तुझा कान शाबूत आहे, रवी. माझे गेलेत. कधी गेले ते मला कळलंसुद्धा नाही.”

त्याच्या हातात भिंग दिलं. त्यानं पाहिलं. कितीतरी वेळ पाहिलं. मग रेकॉर्ड मांडीवर ठेवून उजव्या कानावर हात दाबला, काढला, पुन्हा दाबला, काढला, पोरं खेळताना करतात तसं. आणि मला म्हणाला, “म्हणजे त्या दिवशी तुम्हाला आई ऐकूच आली नाही? ती असताना मी टेप करून ठेवलेली?”

“नाही रे.”

“मला वाटलं, तुम्हाला काही वाटलंच नाही.”

तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. रडला म्हणून मला बरं वाटलं. वहिनी दारात उष्ट्या हातानं उभ्या. “आधी जर्मनीला फोन करा,” त्यांनीच आठवण दिली. “रोना-धोना बाद में.”

तिकडे सकाळचे साडेनऊ. छपाई सातला सुरू झालेली. रवी यानशी इंग्रजीत बोलला, उजव्या कानाला फोन लावून, आणि पहिल्यांदाच डाव्या कानाचंही त्याला सांगून टाकलं. मी भिंगातून पाहून जागा सांगत होतो, तो पुढे सांगत होता.

२० सप्टेंबर, मंगळवार

यानचं पत्र. पहिली रेकॉर्ड ठीक निघाली. दुसरीच्या तीनशेतल्या एकशे ऐंशी फोन जाईपर्यंत निघाल्या होत्या, सगळ्या सदोष. मशीन थांबवलं, साचा जास्त तापवून, जास्त वेळ दाबून पुढच्या एकशेवीस काढल्या, त्या चांगल्या आहेत. वाया गेलेल्या दळून पुन्हा माल करतील. लिहितो की दुसरीच्या एकशेवीसच येतील, जास्त नाहीत.

एकशे ऐंशीमध्ये कमलिनी फाटली. माझ्या सहीनं. रवी म्हणतो, सोडा ना बाबा, एकशेवीस पुष्कळ झाल्या. मला सुटत नाही. आणि नोकरीच्या शेवटच्या वर्षांत, कान केव्हाचा चालला असेल तेव्हा, मी काय काय पास केलं? गज टेकवून डोळे मिटायचो आणि सगळे माझ्या तोंडाकडे पाहायचे. कुणाला विचारू आता? जे रोटर फिरतायत ते फिरोत, एवढीच प्रार्थना.

गच्चीचं कुलूप काढलं.

२७ सप्टेंबर, मंगळवार

दोघांची तपासणी झाली. काचेच्या खोलीत बसवतात, आवाज आला की बटण दाबायचं. मी बटण हातात घेऊन बसून राहिलो. डॉक्टरबाई काचेतून पाहत होत्या. मला वाटलं अजून सुरूच केलं नाही.

दोन कागद शेजारी ठेवले. रवीच्या उजव्या कानाची रेघ सरळ, तळ्याच्या पाण्यासारखी. डाव्याची तळाला. माझ्या दोन्ही रेघा सुरुवातीला ठीक, मग एकदम दरीत.

“दादाजी, कारखाने में थे?” बाईंनी विचारलं.

“छत्तीस साल.”

“हां,” म्हणाल्या आणि लिहू लागल्या. रवीला म्हणाल्या, हा कान जाईलच असं नाही. जाणारच नाही असंही नाही. कानातले आवाज राहतील, त्यांच्याशी जुळवून घ्या. रवीनं कागदाची घडी करून खिशात ठेवली, दर दहा मिनिटांनी काढून पाहत होता.

माझ्यासाठी मशीन सांगितलं. त्यानं बोलणं सुधारेल, पण अगदी बारीक आवाज परत येणार नाहीत, हेही सांगितलं. केशवला कळलं तर काय म्हणेल या विचारानं रिक्षात मी हसलो. घरी पोचलो तर तो फाटकाशी उभाच.

“काय नरहर, स्टेशन लागलं का?”

२१ नोव्हेंबर, सोमवार

घंटी ऐकली. मशीन लावल्यापासून ऐकू येते, पत्र्यावर नखं ओढल्यासारखी. पण ऐकू येते.

पार्सलात दोन्ही रेकॉर्डच्या पाच-पाच प्रती. छापील लेबल, त्यावर ‘सी सेक्टर’. रवीनं एका जागेवर बोट ठेवलं, तिथे बारीक अक्षरात इंग्रजीत ‘तपासणी: नरहर’. म्हटलं, हे खोडा, मी नापास निरीक्षक. म्हणाला, छापून झालंय.

यान लिहितो की तिकडे दुकानांतून दुसरी दोन दिवसांत संपली, लोक आणखी मागतायत. रवी पुन्हा काम करतो आहे, एका कानानं. चिडतो, बंद करतो, पुन्हा बसतो. परवा सगळं पुसून टाकलं आणि दिवसभर खोलीत राहिला. मी गच्चीकडे पाहिलं, मग नाही पाहिलं. चहा नेऊन ठेवला.

आज चांगली प्रत लावली. आधी भिंगानं पाहिली, दोन्ही बाजू, पूर्ण. खड्डा नाही. दाते सगळे स्वच्छ. मग खुर्चीत बसलो. ‘क’ आलं. मशीन कानात, आवाज मोठा, आणि मी जीव कानात आणून ऐकलं. ठोका, ठोका, गुंजारव.

“आली?” रवीनं विचारलं.

मी मान हलवली. नाही.

तो खुर्चीच्या हातावर बसला. माझा डावा हात घेतला, मांडीवर उताणा ठेवला आणि मनगटावर एका बोटानं टकटक करू लागला. हलकी, हलकी, हलकी, मग एक जोराची. ती सोन्याची असणार. पुन्हा हलकी, हलकी. घाईत असली की कशी भरभर लाटायची, तशीच. मी डोळे मिटले.

मधेच बोट थांबलं. मी डोळे उघडले नाहीत. पोळी तव्यावर टाकायला वळली असेल.